सगळंच थोडं थोडं करतोय, पैसा मात्र येत नाही. चॅनेलवाल्यांनो, एक काय निवडू?

दिवाणजी_मार्केटयार्ड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे, चौदा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या नादानं यूट्यूब चॅनेल काढलं. आजवर २१४ व्हिडिओ झाले. त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते विचारा. बायकोचा अख्खा मसूर, दंडोबाचा डोंगर, सागरेश्वरची हरणं, मोबाईलचे रिव्ह्यू, गणपती मंदिरातली आरती, शिवाय 'पहाटे पाचला उठा, आयुष्य बदला' छापाची भाषणं (मी स्वतः सातला उठतो).

सबस्क्रायबर १८६०. त्यातले हजारभर एकाच आठवड्यात आले, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ उभं राहून रोज पाण्याची फुटं सांगत होतो तेव्हा. पाणी उतरलं, प्रेक्षकही उतरले. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला बारा महिन्यांत लोकांनी चार हजार तास बघायला हवं, ती यूट्यूबची अट काही पुरी होत नाही. २६०० वर गाडी अडलीय, आणि बारा महिन्यांपूर्वीचे तास मागून गळत जातात, म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. खर्च म्हणाल तर माईक, ट्रायपॉड, दोन लाईट आणि एका ऑनलाईन कोर्सचे नऊ हजार. उत्पन्न शून्य.

मेहुणा म्हणतो एकच विषय धर. बायको म्हणते, आधी तुम्हाला काय येतं ते तरी बघा. आणि माझं घोडं तिथंच अडलंय. पट्ट्या (शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) लिहितो, तोंडी हिशेब करतो, यापलीकडे मला खास काय येतं?

ज्यांचं यातनं बऱ्यापैकी चाललंय त्यांनी विषय कसा धरला? पैसे नक्की कुठून येतात? खरंखरं सांगा.

खणभाग

मी पहिला! भडंग घेऊन बसलोय, येऊ द्या.

उचापती

उत्पन्न शून्य कसं? कोर्सवाल्याला झालं की नऊ हजार. त्यानं स्वतःची ताकद बरोबर ओळखली.

मुक्ता_विश्रामबाग

उचापती, खिक्!

दिवाणजी, 'मला काय येतं' हा प्रश्न स्वतःला विचारून उपयोग नसतो. जे सहज येतं ते आपल्याला येतं असं वाटतच नाही, श्वास घेण्यासारखं ते. त्यापेक्षा फोन उघडा. गेल्या महिन्यातले कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप बघा. लग्नाची आमंत्रणं आणि उसने पैसे मागणारे सोडा. उरलेल्यांनी तुम्हाला काय *विचारलं* ते वहीत लिहा. गंमत कळेल.

माझं सांगते. मी गणिताची शिक्षिका होते, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. चॅनेलवर पाचवी ते दहावीचं सगळं गणित शिकवायचं ठरवलं. दीड वर्षात दम लागला, कारण मोठमोठ्या क्लासेसवाल्यांपुढे माझा फळा कोण बघणार? पण शेजारपाजारच्या आया मात्र एकच गोष्ट विचारायला यायच्या: शिष्यवृत्तीच्या पेपरातली बुद्धिमत्ता चाचणी. आकृत्या, आरशातली प्रतिमा, नातेसंबंधाची कोडी. ती मला लहानपणापासून खेळासारखी येतात. मग बाकी सगळं बंद केलं. आता तेवढंच शिकवते, सरावसंच ९९ रुपयांना विकते आणि वीस मुलांची एक ऑनलाईन बॅच घेते. सबस्क्रायबर अजून दहा हजारही नाहीत, पण सोडलेल्या नोकरीच्या पगाराइतकं सुटतं.

रोखठोक_काका

मुक्ताताई, तुमचं जमलं हे छानच, पण असहमत. 'स्वतःची ताकद ओळखा' हे वाक्य मी बँकेत असताना प्रत्येक ट्रेनिंगला ऐकलंय. ताकद असून चालत नाही, गिऱ्हाईक लागतं. माझ्या एका मित्राला मोडी लिपी उत्तम वाचता येते. त्यावर त्यानं साठ व्हिडिओ केले. बघणारे किती? मी, त्याची बायको आणि त्याचा पुतण्या.

जाहिरातीच्या पैशाचंही गणित सांगतो. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुम्हाला, ४५ यूट्यूबला. शॉर्ट्सचं उलटं, वाटणीला आलेल्या रकमेतले ४५ तुम्हाला. त्यातही १०० डॉलर साठेपर्यंत हातात काही पडत नाही. आणि जाहिरातदार पैसे मोजतो ते बघणाऱ्याच्या खिशाकडे बघून. आरती बघणाऱ्या आजीला काय विकणार तो? तेव्हा आधी बाजार बघा, मग ताकद.

खणभाग

काका, त्या मोडीवाल्यांना माझा नंबर द्या हो. आमच्या वाड्याचे जुने कागद आहेत, कोर्टात दाखवायचेत, वाचून देणारा मिळत नाहीये. पैसे देतो.

मुक्ता_विश्रामबाग

घ्या काका. गिऱ्हाईक तुमच्याच धाग्यात सापडलं.

रोखठोक_काका

:) एक झालं. साठ व्हिडिओंमागे एक.

बागवाला_सावळज

राम राम मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षवाला. लई शिकलेला न्हाई पण ह्या विषयात हात पोळून घेतल्यात म्हणून लिवतोय.

मी चॅनेल काढलं २०१८ ला. सुरवातीला मीबी सगळं दाखवायचो, बैल, जत्रा, ट्रॅक्टर. मग एका वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या टायमाला एक व्हिडिओ टाकला. एक काडी हातात घ्यायची, डोळं म्हंजे कोंब फुटायच्या जागा मोजायच्या आन कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची ते दाखवायचं. फकस्त हात आन कात्री. तोंडबी दिसत न्हवतं. तो चालला म्हंजे काय, नाशिककडनं, सोलापूरकडनं फोन यायला लागलं. तवा कळलं, माझं तोंड कुणाला बघायचं न्हाई, कात्री बघायचीय.

आता पैशाचं. जाहिरातीचं येतंय त्यातनं औषधाचं बिलबी भागत न्हाई. खरा पैसा दोन जागंनं येतोय. एक, बेदाणा. पयला मी व्यापाऱ्याला घालायचो. आता त्यातला थोडा घरीच निवडून, एक किलोचं बॉक्स करून बघणाऱ्यांनाच पाठवतोय. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा हुतोय, तवा त्या एका किलोत दोन पैसं जास्त मिळालं तर लई फरक पडतोय. दोन, लोक बागंवर बोलवत्यात, त्याची फी घेतो.

आन हात पोळला ते असं. एका टॉनिकवाल्या कंपनीनं पैसं दिलं, म्हनलं आमची बाटली दाखवा. मी दाखवली, जाहिरात हाय म्हनून सांगितलं न्हाई. त्या वर्षी पाऊस लागून राहिला, डाऊनी रोगानं बागा गेल्या, आन लोकास्नी वाटलं मी सांगितलं म्हनून गेल्या. टॉनिकाचा आन डाऊनीचा काय संबंध? पण शेतकऱ्याला राग आला की येतो. दीड वर्स फोन बंद झालं. ते पैसं मला लई महाग पडलं बगा.

सीए_आहे_पण_इथे_नाही

बागवाले दादा, दंडवत. असं प्रामाणिकपणे कुणी लिहीत नाही.

पैसे घेतले असतील तर व्हिडिओत ठळकपणे 'जाहिरात' असं सांगायचं, हे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक नियमांतही आहे. आणि कंपनी पैशांऐवजी मोबाईल, मिक्सर, टूर असं काही देत असेल तरी ते उत्पन्नच. १ जुलै २०२२ पासून वर्षाला वीस हजारांवरच्या अशा भेटींवर दहा टक्के टीडीएसचा नियम लागू झाला. लोकांना वाटतं फुकट आलंय. ते फुकट नसतं.

दिवाणजी, तुमचं उत्पन्न शून्य आहे तोवर माझी गरज नाही. झालं की या. यूट्यूबकडे अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरला नाही म्हणून जास्तीचे पैसे कापून घेतलेली दोन पोरं आत्ता माझ्या टेबलासमोर बसलीत.

उचापती

मीही कबुली देऊन टाकतो. माझी ताकद आळस. म्हणून मी एआयवाला रस्ता धरला. गोष्टी एआयनं लिहायच्या, आवाज एआयचा, चित्रं एआयची, दिवसाला पाच व्हिडिओ. 'राजा आणि हुशार सुनबाई' असलं काहीतरी. तीन महिने डॉलर आले, खोटं कशाला बोलू. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबनं त्या एकसाची, घाऊक कंटेंटच्या नियमाची भाषा कडक केली आणि पुढं माझं मॉनेटायझेशन, म्हणजे पैसे मिळणंच, गेलं. अपील केलं. त्याचं उत्तर वाचून मला वाटलं तेही एआयनंच लिहिलंय.

खणभाग

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! हुशार सुनबाईचं पुढं काय झालं पण?

उचापती

पाच हजार भागांत ती राजापेक्षा म्हातारी झाली.

मिरजेची_लेक

उशिरा वाचतेय. काकांच्या 'आधी बाजार' या मुद्द्यावर माझंही थोडं.

आमच्या घरी तीन पिढ्या तंबोरे-सतारी होतात. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळे विचारायला आले, एरवी गल्लीत शांतताच असते. मी सगळ्यांसारखा 'सतार कशी बनते' असा व्हिडिओ केला. पंढरपूरकडचा भोपळा, लाकूड, नक्षी, मागे बासरी. बघितला बऱ्याच जणांनी, 'वाह' म्हणाले आणि गेले.

मग बाबा जवारी काढत होते ते नुसतं फोन टेकवून चित्रित केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घोडीच्या माथ्यावर तार जिथे टेकते तो उतार कानसेनं अगदी कणाकणानं घासायचा, तार लावायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा काढायची, पुन्हा घासायचं. आवाज बंद येतोय की खुला ते कान सांगतो. तंबोऱ्याला जवारीत सुताचा धागा सरकवून तो सूर 'बोलता' करतात. बावीस मिनिटांचा व्हिडिओ, बाबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त मध्ये एकदा "चहा आण" म्हणाले. तेही ठेवलं.

पहिल्या दोन महिन्यांत ३१२ व्ह्यूज. पण त्या ३१२ मधले दोघं परदेशात राहून सतार वाजवणारे निघाले. एकानं जवारी दुरुस्तीला पाठवली, एकानं नवा तंबोरा सांगितला. एका तंबोऱ्याच्या पैशांत लाखभर व्ह्यूजची जाहिरात बसते. तेव्हा काका, बाजार मोठा असायलाच पाहिजे असं काही नाही हो. तो नेमका असला तरी भागतं.

रोखठोक_काका

मिरजेच्या ताई, हा मुद्दा मान्य. पण तुमच्याकडे विकायला तंबोरा आहे. दिवाणजी काय विकणार, पट्टी?

दिवाणजी_मार्केटयार्ड

सगळ्यांचे आभार. मुक्ताताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. काल रात्री वही घेऊन बसलो. गेल्या महिन्यात कामाचे असे ४१ फोन. त्यातले २७ दोनच गोष्टींसाठी. एक, "दिवाणजी, दुसऱ्या दुकानाची पट्टी आलीय, ह्यात हे काय कापलंय जरा सांगा." दोन, "हळद घ्यायचीय वर्षाची, चांगली कशी ओळखू?"

अख्ख्या मसूराबद्दल एकही नाही. बायकोला सांगितलं नाहीये.

काका, तुम्ही थट्टेत म्हणालात पण खरंच पट्टी. हमाली, तोलाई, बारदानाचं वजन, अडत, कुठला आकडा कशाचा, हे शेतकऱ्याला कुणी बसून सांगत नाही. मी सांगतो म्हणून माझ्याकडं येतात. पण हे चॅनेलवर बोलायचं म्हणजे शेठ काय म्हणतील? उद्या म्हणतील, माझ्या पगारावर माझ्याच धंद्याची गुपितं फोडतोस होय रे?

बागवाला_सावळज

दिवाणजी, पट्टी समजून सांगनारा मानूस आमच्याकडं देवासारखा. पण शेठला इचारल्याबिगर करू नका. नोकरी हाय म्हनून चॅनेल हाय.

मुक्ता_विश्रामबाग

+१. आणि सुरुवात हळदीनं करा, त्यात शेठना हरकत नसावी. व्हिडिओ करायच्या आधी इथेच लिहून दाखवा ना. चांगलं हळकुंड कसं ओळखायचं? मला खरंच माहीत नाही.

दिवाणजी_मार्केटयार्ड

लिहितो की. हळकुंड दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं आणि कानाजवळ नेऊन मोडायचं. कडक वाळलेलं असेल तर 'टण्ण' असा धातूसारखा आवाज येतो. ओल असेल तर आधी वाकतं, मग मुकाट्यानं तुटतं. नंतर मोडलेली जागा बघायची. बाहेरची झळाळी पॉलिशच्या ड्रममध्ये येते, तिला भुलायचं नाही. आतला केशरी पिवळा रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा हवा. नसेल तर शिजवताना कुठं तरी गडबड झालीय. मग ते बोटाला घासून वास घ्यायचा. मातकट, जरासा तिखट वास आला पाहिजे. नुसता धुळीचा येत असेल तर माल जुना.

पूड आणली असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका. खरी हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच भडक पिवळं झालं तर शंका घ्या.

खणभाग

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन हळकुंड मोडलं. आवाज आला! आईनं विचारलं काय करतोयस, म्हटलं धागा वाचतोय.

मिरजेची_लेक

दिवाणजी, तुम्हीही कानानंच काम करता की आमच्या बाबांसारखं. हाच व्हिडिओ करा. माईक जवळ ठेवा, बाकी काही नको. तो घेतलेला माईक एकदाचा कामाला येऊ द्या.

हरिपूरकर

अवांतर: हळदीचं निघालंच आहे तर आमच्या हरिपूरच्या पेवांवर कुणीतरी करा हो. जमिनीत खोल खोदलेली कोठारं, त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही की रंग उतरणं नाही. कृष्णा-वारणेचा संगम शेजारीच, तरी ती माती अशी की आत ओल शिरायची नाही. २००५ च्या पुरात मात्र पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. आता पोरांना पेव म्हणजे काय हे सांगावं लागतं. 'पेव फुटलं' म्हणतात तेवढं ठाऊक.

उचापती

यूट्यूब चॅनेलांचं पेव फुटलंय, ते वेगळं.

रोखठोक_काका

हरिपूरकर, पेवात उतरणारा माणूस आधी दिवा सोडायचा खाली, विझला तर उतरायचं नाही. आमच्या वडिलांनी बघितलंय. दिवाणजी, तुमच्या त्या प्रेरणादायी भाषणांपेक्षा हे ऐकायला मी थांबेन.

खणभाग

अतिअवांतर: भडंग सांगलीचा की जयसिंगपूरचा?

सीए_आहे_पण_इथे_नाही

कृपया हा विषय नको. मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.

*(सात आठवड्यांनंतर)*

दिवाणजी_मार्केटयार्ड

धागा वर काढतोय, माफी असावी. अपडेट द्यायला आलोय.

शेठना विचारलं. दोन दिवस काही बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी तीन अटी घातल्या: दर सांगायचा नाही, दुकानाचा बोर्ड दिसायचा नाही, कामाच्या वेळात मोबाईल नाही. पट्टीवर बोललेलं चालेल म्हणाले, "आपली पट्टी सरळ आहे, आपल्याला कसली भीती?" हे मात्र जरा मोठ्यानं म्हणाले, शेजारच्या गाळ्यात ऐकू जाईल असं.

जुने १३० व्हिडिओ खाजगी केले. भाषणं पहिली उडवली. अख्खा मसूर ठेवलाय, घरात राहायचंय मला. शंभर-दीडशे सबस्क्रायबर गेले, बहुतेक आरतीवाले. नवे सहा टाकले, तीन हळदीवर, तीन पट्टीवर. तोंड नाही, फक्त हात. हळकुंड मोडायचा व्हिडिओ शेठनी माझ्याकडून मागून घेतला आणि नातवाला पाठवला. व्ह्यूज पुराच्या पाण्याएवढे नाहीत, पण लोक शेवटपर्यंत बघतात. पूर्वी चाळीस सेकंदात पळायचे. खाजगी केलेल्यांचे तास मोजणीतून गेले, तरी एकूण तास आता ३१०० च्या वर गेलेत.

यूट्यूबचा पैसा अजून शून्यच. पण 'खात्रीची हळद तुम्हीच द्या' असे इतके फोन आले की बायकोनं मनावर घेतलं. सासुरवाडी वाळवा तालुक्यात, त्यांच्या रानातलं हळकुंड आणलं, ओळखीच्या डंकावर स्वतः उभं राहून दळून घेतलं, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या केल्या. ३८ किलो गेली. तिचं म्हणणं, पुढच्या खेपेला शंभर किलो आणू. मी म्हणतो साठ. भांडण चालू आहे.

रोखठोक_काका

अभिनंदन. पण एक टोचतो. यार्डात शेतकऱ्याची पट्टी लिहिणारा माणूस स्वतः हळद विकतो, हे उद्या कुणी तरी बोलेल.

दिवाणजी_मार्केटयार्ड

काका, तेच डोक्यात होतं म्हणून यार्डातला एक दाणाही घेतला नाही. आमच्या दुकानात ज्यांचा माल येतो त्यांच्याकडून घ्यायचा नाही, हे शेठना लिहून दिलंय. तरी बोलणारे बोलतील. पट्टीचे व्हिडिओ बघून दोन दुकानांतल्या दिवाणजींनी आधीच माझ्याशी बोलणं सोडलंय. त्यातला एक माझ्या लग्नात वाढायला होता.

बागवाला_सावळज

ते तर हुनारच. माझ्यावरबी टॉनिकवालं अजून रुसल्यात. पट्ट्या बघायची फी मात्र लावा दिवाणजी, फुकट सांगितलेलं कुनी ध्यानात ठेवत न्हाई.

दिवाणजी_मार्केटयार्ड

दादा, एकानं पाचशे दिले होते, मी परत केले. शेतकऱ्याकडनं ते घेववत नाही. हळदीचे घेईन.

सीए_आहे_पण_इथे_नाही

आता या माझ्याकडे. अन्नपदार्थाची नोंदणी केलीत का? पिशवीवर वजन, दळल्याची तारीख, नोंदणी क्रमांक, पत्ता? घरच्या काट्यावर मोजत असाल तर ते आधी बंद करा. आणि नोंदणी वहिनींच्या नावानं करा, धंदा त्यांचा आहे.

दिवाणजी_मार्केटयार्ड

काटा घरचाच आहे. उद्याच प्रमाणित काट्याचं बघतो.

मुक्ता_विश्रामबाग

वहिनींना मसूराच्या फोनांबद्दल सांगितलंत का शेवटी?

दिवाणजी_मार्केटयार्ड

तिनं हा धागा वाचला.

खणभाग

मला एक किलो पाठवा. भडंगाला लागतेच.